ऑगर पुन्हा पुन्हा अडकतो आणि मनगट पिरगळतं: जांभ्या जमिनीत नेमकं काय चुकतं?

मे महिना लागला की मला ऑगरबद्दल, म्हणजे जमिनीत खड्डे मारायच्या मशीनबद्दल, एकाच तक्रारीचे फोन येतात. "दादा, मशीन दोन खड्डे नीट मारतं, तिसऱ्याला अडकतं आणि हँडल असं फिरतं की मनगटच निघून येईल." फोन डिचोलीहून असो, पेडण्याहून असो की धारबांदोड्याहून, वाक्य जवळपास हेच. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "जास्त ताकदीचं मशीन घेऊ का?"

निदान या कारणासाठी तरी घेऊ नका. का, ते सांगतो.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कुंपणाचे खांब, केळी, मिरीवेलीचे आधार यांसाठी खड्डे मारून देतो. म्हादई अभयारण्याला लागून असलेल्या गावांत गवे, रानडुकरं आणि माकडं बागायतीत उतरतात. त्यामुळे कुंपणाचं काम कधी संपत नाही. पूर्वी पहार आणि फावडं घेऊन दोन गडी दिवसाला जेमतेम पंधरा-वीस खड्डे काढायचे. पेट्रोलवर चालणारा हातातला ऑगर आल्यावर तेवढे खड्डे पेजेच्या वेळेआधी होऊ लागले. सोय झाली, आणि तिच्याबरोबर दुखापतीही आल्या.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाचं उजवं मनगट मोडलं. जागा काजूच्या बागेतली, वर कातळासारखी कडक जमीन. बिट, म्हणजे ऑगरचा माती कापणारा स्क्रूसारखा भाग, वीतभर आत गेला आणि थांबला. मी दहा पावलांवर खांब उतरवत होतो. मीच ओरडलो, "दाब, दाब, जाईल." त्याने अंगाचा सगळा भार टाकला. पुढच्या क्षणी डावं हँडल त्याच्या बरगडीवर आदळलं, उजवा हात पुढे ओढला गेला आणि तो बाजूला कोसळला. तो "दाब" शब्द माझा होता, हे मी विसरलेलो नाही. म्हणून ही समस्या मी मुळापासून समजून घेतली.

यंत्र फिरतं कशामुळे

आपल्याकडे जास्त चालणारं मशीन ५२ सीसीचं, टू-स्ट्रोक. इंजिन मिनिटाला सुमारे ७,००० फेरे घेतं. खालचा गिअरबॉक्स तो वेग ३० ते ४० पटींनी कमी करतो, म्हणजे बिट मिनिटाला साधारण २०० फेरे घेतो, सेकंदाला तीनहून थोडे जास्त. वेग जेवढा उतरला तेवढा पीळ चढला. दीड किलोवॅटचं इंजिन धरून हिशेब केला तर बिटाच्या दांड्यावर सुमारे ७० न्यूटन-मीटर पीळ येतो. दोन मुठींमधलं अंतर अर्धा मीटर असेल तर प्रत्येक हातावर जवळपास १४ किलोचा जोर पडतो, एका हाताला पुढे आणि दुसऱ्याला मागे.

हा झाला काम चालू असतानाचा जोर. बिट दगडात किंवा मुळात एकदम थांबला, तर आत फिरत असलेल्या क्रँक आणि क्लचचा सगळा वेग त्याच क्षणी हँडलवर उतरतो. तो झटका १४ किलोच्या कितीतरी वर जातो. काहीतरी बिघडलं हे डोक्याला कळून बोट थ्रॉटलवरून, म्हणजे वेगाच्या खटक्यावरून, सुटायला पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्या वेळात यंत्र पाऊण फेरा फिरू शकतं. माणूस कितीही दणकट असला तरी तो या पाव सेकंदाच्या आत येत नाही.

दिशाही लक्षात ठेवा. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. बिट अडला की यंत्र उलट दिशेने फिरतं, म्हणजे उजवी मूठ तुमच्यापासून पुढे पळते आणि डावी मूठ तुमच्या अंगावर येते. मार बसतो तो डाव्या मांडीला, कमरेला, बरगडीला, आणि पीळ बसतो उजव्या मनगटाला. मावसभावाचं नेमकं असंच झालं.

आता मोठ्या मशीनचं बघा. ६८ सीसीचं मशीन घेतलं तर पीळ वाढेल, आणि कातळ काही मऊ होणार नाही. अडकायचं तिथे ते अडकेलच, फक्त फटका जास्त जोरात बसेल.

सुताराचं गिरमिट आठवा

ऑगर म्हणजे मोठं गिरमिटच. जुना सुतार हाताने गिरमिट मारताना कधी सरळ शेवटपर्यंत नेत नसे. दोन-चार फेरे पुढे, मग थोडं मागे घेऊन भुसा बाहेर, मग पुन्हा पुढे. भुसा आत साचला की गिरमिट लाकडात धरलं जातं, हे त्याच्या हाताला ठाऊक असायचं.

हातातल्या बहुतेक पेट्रोल ऑगरना उलटा गिअर नसतो. म्हणून मागे घेण्याऐवजी आपल्याला वर उचलावं लागतं. दर चार ते सहा इंचांनी बिट फिरता ठेवूनच पूर्ण वर घ्यायचा, माती झडू द्यायची, मग परत आत. दोन फुटांच्या खड्ड्याला चार ते पाच वेळा उचल. याला वेळ लागतो असं वाटतं, पण अडकलेला बिट सोडवण्यात अर्धा तास जातो, त्यापुढे हे काहीच नाही. आमच्या गड्यांत आता खड्डा मारणाऱ्याला ओरडून सांगायचा शब्द "उचल" हा आहे.

अंगाचा भार टाकायचा नाही. यंत्राचं स्वतःचं वजन आणि बिटाची धार एवढ्यानेच तो खाली गेला पाहिजे. जात नसेल तर जमीन काहीतरी सांगते आहे.

बिटावर काय चिकटलंय ते वाचा

गोव्यात एका बागेत तीन जमिनी भेटतात. अडकण्याचं कारण प्रत्येकीत वेगळं, म्हणून उपायही वेगळा. सगळ्याला एकच औषध लावतात, त्यामुळे ही समस्या दर वर्षी परत येते असं माझं मत आहे.

पहिली जमीन जांभ्याची. आपल्या घरांचे चिरे याच दगडाचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली त्याला लॅटेराइट हे नाव दिलं. लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून ते आलं, कारण खाणीतून काढताना तो कुऱ्हाडीने कापता येतो आणि हवेवर राहिला की विटेसारखा कडक होतो. आपल्या कामाला हीच गोष्ट महत्त्वाची. उघड्या सड्यावर वरचे काही इंच ऊन-पावसाने घट्ट झालेले असतात, आणि त्याखालचा थर पुष्कळदा त्याहून मऊ असतो. बिटावर लालसर खडे आणि कोरडी धूळ येत असेल, आवाज खरखरता असेल आणि बिट खालीच जात नसेल, तर तुम्ही कवचावर आहात. इथे दाबलं की दात एखाद्या पोकळीच्या कडेत अडकतो आणि झटका येतो.

उपाय साधा आहे, मेहनतीचा आहे. कवच यंत्राने फोडायचं नाही. पहार किंवा पिकाव घेऊन वरचे सहा-आठ इंच हाताने फोडायचे, सुटे दगड बाहेर काढायचे, मग ऑगर लावायचा. काही जण आधी चार इंची बिटाने भोक पाडून मग आठ इंची लावतात. मला ते पटत नाही. मोठ्या बिटाच्या मधल्या टोकाला पकडायला जमीनच उरत नाही, तो भोकात डगमगतो आणि त्याचे बाहेरचे दात कडांना चावे घेतात. कातळावर हे मी दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा यंत्र उडालं.

शक्य असेल तर मे महिन्याच्या ऐन तापात हे काम काढूच नका. पहिले दोन-तीन मोठे पाऊस पडून गेले की तीच जमीन निम्म्या त्रासात खणली जाते. थांबता येत नसेल तर आदल्या संध्याकाळी खुणेच्या जागी हातभर खळगा करून त्यात कळशीभर पाणी ओतून ठेवा. नारळाच्या खड्ड्याला घाई नसेल तर आणखी एक जुना, कृषिशास्त्रज्ञांनीही सांगितलेला उपाय आहे: जांभ्यात लागवडीच्या सहा महिने आधी खड्ड्याच्या तळाशी दोन किलो साधं मीठ टाकायचं, तळाचा कडक थर सुटायला मदत होते. माडाचा खड्डा जांभ्यात सव्वा मीटरच्या आसपास लांब, रुंद आणि खोल लागतो. तो ऑगरने होत नाही, ऑगर फार तर तळ पोखरायला उपयोगी पडतो.

दुसरी जमीन चिकण मातीची. जांभ्याच्या खाली पुष्कळ ठिकाणी पांढरट, गुलाबी, कधी पिवळट माती लागते, हाताला साबणासारखी. कवच फोडून बिट हिच्यात उतरला की एकदम हलकं वाटतं आणि माणूस खूश होतो. धोका नेमका तिथे असतो. बिट माती कापून वर टाकायचं सोडून स्क्रूसारखा स्वतःला आत ओढून घेऊ लागतो. इंजिनाचा आवाज जड होतो, यंत्र खाली खेचल्यासारखं वाटतं. त्या क्षणी थ्रॉटल सोडायचा. तसाच धरून ठेवलात तर बिट गिअरबॉक्सपर्यंत आत जाऊन बसेल आणि मग झटका येईल. चिकण मातीत दर तीन-चार इंचांना उचला आणि इंजिन बंद करून पातीवरची माती काठीने खरवडा. पावसाळ्यात तर एकेका खड्ड्याला दोनदा खरवडावं लागतं.

तिसरी, मुळांची. कुळागरात (पोफळी-माडाच्या बागायतीत) आणि भाटात (माडाच्या बागेत) ही हमखास. माडाचं मूळ बोटाएवढं जाड पण संख्येने अफाट, आणि त्यातली बहुतेक मुळं बुंध्यापासून दोन मीटरच्या आत असतात. ती बिटाला दोरीसारखी गुंडाळतात. काजूचं आडवं मूळ मात्र लाकूडच. त्यावर बिट आपटला की कातळाइतकाच झटका. बिटावर तपकिरी तंतू दिसले की थांबा, कोयत्याने किंवा कुऱ्हाडीने मूळ तोडा, नाहीतर खड्डा हातभर सरकवा. माडापासून दोन मीटरच्या आत मी ऑगर लावतच नाही. त्यात यंत्राबरोबर माडाचंही नुकसान आहे.

खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी भरतीचं पाणी अडवून केलेल्या शेतीच्या, बांधावर कुंपणासाठी खड्डे मारून द्या असंही कोणी कोणी सांगतं. तिथे माती मऊ, बिट लोण्यात गेल्यासारखा जातो, तरी मी नाही म्हणतो. बांधाला पडलेलं भोक म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याला वाट. मानशीच्या (पाणी आत-बाहेर सोडायच्या) दारांवर आणि त्या बांधावर सगळ्या वाडीची शेती उभी असते.

अडकलाच तर कसा सोडवायचा

बहुतेक दुखापती बिट अडकताना होतात असं लोकांना वाटतं. मी पाहिलेल्या निम्म्या तरी सोडवताना झाल्या आहेत. माणूस वैतागलेला असतो, पाऊस येणार असतो, मालक उभा असतो. मग तो थ्रॉटल झटके देत देत बिट उपटायला बघतो. अडकलेल्या बिटावर थ्रॉटल देणं म्हणजे पुढचा फटका स्वतःच मागून घेणं.

आधी इंजिन बंद करा. स्विच बंद केल्यावर स्पार्क प्लगची टोपीही काढून बाजूला करा. टोपी काढली नाही आणि कोणी गरम इंजिनाची दोरी चुकून ओढली, तर बिटाला हात लावून बसलेल्या माणसाचं काय होईल याचा विचार करा. ही टोपी काढायला पाच सेकंद लागतात.

मग इंजिनाचं डोकं बिटापासून वेगळं करा. दोन्ही एका पिनेने किंवा बोल्टने जोडलेले असतात. पिनेवर पीळ असेल तर ती सहज निघत नाही. अशा वेळी दुसऱ्या माणसाने हँडल किंचित पुढे-मागे करत ठेवायचं आणि तुम्ही पिन हलकेच ठोकायची. सायलेन्सर तापलेला असतो, त्याला पोटरी लागू देऊ नका. डोकं सुटलं की ते सावलीत, खड्ड्यापासून लांब ठेवा. पेट्रोल सांडलं असेल तर पुसा.

आता जमिनीत राहिला तो नुसता बिट. त्याच्या दांड्याला मोठा पाइप पाना लावा, किंवा पिनेच्या भोकातून जाडसर सळई घाला, आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. सुतार गिरमिट मागे घेतो तसंच. दोन फेरे झाले की बहुतेक वेळा बिट सैल होतो. चिकण मातीत खालून हवा जात नाही म्हणून तो शोषून धरल्यासारखा बसतो. तिथे बिटाच्या कडेने पहारीने एक अरुंद भोक खालपर्यंत पाडा आणि त्यात पाणी सोडा. हवा आणि पाणी आत गेलं की पकड सुटते. वर काढताना कंबर वाकवून उपटू नका. दांड्याला दोर बांधा, खड्ड्याशेजारी एका चिऱ्यावर मजबूत वासा ठेवा आणि त्याच्या तरफेने उचला. मनगट वाचलं आणि पाठ गेली, असं झालेलेही मला माहीत आहेत.

मुळात गुंतला असेल तर फिरवून काही होणार नाही. बाजूने खणा, मूळ उघडं करा, तोडा.

हाताने माती काढायला खड्ड्यात हात घालू नका, बिट बाहेर असला तरीही. कारण सापाचं. रात्रभर उघड्या राहिलेल्या खड्ड्यात घोणस किंवा मण्यार पडलेली असू शकते. आम्ही लांब काठीला नारळाची करवंटी बांधून तिने सुटी माती काढतो.

उभं राहायचं कसं

यंत्र अंगापासून लांब धरलं की फटक्याला वेग घ्यायला जागा मिळते. म्हणून हँडलची चौकट डाव्या मांडीला टेकलेली असू द्या. झटका आला तरी ती आधीच टेकलेली असल्यामुळे आपटत नाही, ढकलते. पाय खांद्याइतके फाकलेले, कोपर किंचित वाकलेले, अंगठे मुठीच्या खालून पूर्ण गुंडाळलेले. काही चांगल्या मशीनना ड्रिल ब्रेक असतो, यंत्र फिरलं की मांडीला लागून तो सुटतो आणि बिट थांबतो. नवीन घेणार असाल तर जास्त सीसीऐवजी त्यावर पैसे घाला, हा माझा स्पष्ट सल्ला.

डोंगरउतारावर काम असेल तर आधी पिकावाने दोन्ही पाय ठेवायला सपाट टप्पा करून घ्या. सत्तरीतल्या बागा उताराच्याच, आणि ओल्या पाचोळ्यावर पाय सरकला की बाकी काहीही नीट केलेलं उपयोगाला येत नाही.

लुंगी नको. गळ्यात पंचा नको. हे मी मालकाच्या तोंडावर सांगतो, मालक वयाने मोठे असले तरी. "काका, तुम्ही सांगाल तिथे खड्डा मारतो, पण मशीनजवळ लुंगीत येऊ नका." पायात टाचेपर्यंत बंद बूट, हातात घट्ट बसणारे हातमोजे. ढगळ हातमोजा नसलेलाच बरा. कानात बोळे घाला, दिवसभर तो आवाज ऐकल्यावर संध्याकाळी घरच्यांचं बोलणं नीट ऐकू येत नाही, हे चांगलं लक्षण नव्हे. बोटं बधिर होऊ लागली किंवा पांढरी पडू लागली तर मशीन दुसऱ्याच्या हातात द्या. कंपनाने रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही खराब होतात, आणि ते नुकसान पुष्कळदा भरून येत नाही. आम्ही दर पाच-सहा खड्ड्यांनी मशीन धरणारा माणूस बदलतो.

जमीन बरी असूनही अडकत असेल तर

मग दोष यंत्रात शोधा. पहिला संशय बिटाच्या दातांवर. जांभ्यातले लोहयुक्त कडक खडे दात झपाट्याने खातात. बोथट दात कापत नाही, घासतो. घासला की माणूस दाबतो, आणि दाबला की झटका येतो. जांभ्यासाठी कार्बाइडच्या टोकाचे, बदलता येणारे दात घ्या. मधलं टोक झिजलं असेल तर बिट एका जागी धरत नाही, तेही बघा.

थ्रॉटल सोडल्यावरही बिट फिरत राहतो का? मग आयडल, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरचा इंजिनाचा वेग, जास्त आहे. कार्ब्युरेटरचा आयडल स्क्रू थोडा सैल करा. तरीही फिरत असेल तर क्लचच्या स्प्रिंगा गेल्या आहेत, मेकॅनिककडे द्या. तोवर ते मशीन वापरू नका, कारण थ्रॉटल सोडणं हाच तुमचा पहिला ब्रेक आहे.

बंद करायचा स्विच रोज सकाळी तपासा. चालू करा, स्विच दाबा, इंजिन थांबलं पाहिजे. आपल्या दमट, खाऱ्या हवेत त्या बारीक वायरीची टोकं हिरवी पडतात आणि पावसाळ्यात हमखास दगा देतात. भाड्याने घेतलेल्या मशीनबाबत तर हे दुकानातच करून बघा.

ट्रॅक्टरला लावायचा ऑगर हा वेगळा आणि जास्त गंभीर विषय आहे, पण एक चूक सगळीकडे दिसते म्हणून लिहितो. त्यात एक शिअर बोल्ट असतो. बिट अडकला की तो तुटावा यासाठीच मुद्दाम नरम ठेवलेला असतो. तो वारंवार तुटतो म्हणून लोक हार्डवेअरच्या दुकानातून ८.८ ग्रेडचा कडक बोल्ट आणून घालतात. मग बोल्ट तुटत नाही. गिअरबॉक्स फुटतो किंवा शाफ्ट पिळतो. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे अवजाराला ताकद देणारा मागचा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. लुंगीचं टोक त्यात गेल्यावर ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण फुटलं असेल तर ते बदलल्याशिवाय ट्रॅक्टर शेतात नेऊ नका, आणि बिट अडकला की पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, मगच खाली उतरायचं.

जमिनीखाली काय पुरलंय

कुळागरात पंपाची केबल पुष्कळदा पाइपशिवाय, नुसती वीतभर मातीखाली पुरलेली असते. कोणी पुरली, कुठून नेली, याचा कागद नसतो. मी घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला विचारतो आणि त्यांच्याबरोबर एकदा पंपापासून शेडपर्यंत चालून येतो. त्या रेषेवर काम असेल तर मेन स्विच बंद करून घेतो. पाण्याचे पाइपही याच फेरीत कळतात. रस्त्याकडेच्या कुंपणाला तर सरकारी वीज, पाणी, टेलिफोन सगळंच लागू शकतं. सार्वजनिक जागेत खणण्याआधी कळवायला केंद्र सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप २०२३ च्या मार्चपासून आहे, शिवाय पंचायतीत आणि वीज खात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारायला कमीपणा वाटू देऊ नका.

केबलला बिट लागलाच आणि माणूस यंत्राला धरलेला राहिला, तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन बंद. मेन सापडत नसेल तर कोरडं लाकूड किंवा बांबू वापरून त्याला सोडवा. रस्त्याकडेची खात्याची केबल असेल तर लाकूडसुद्धा घेऊन जवळ जाऊ नका, सगळ्यांना लांब ठेवा आणि वीज खात्याला लाइन बंद करायला सांगा.

मनगटाला लागलं तर

अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा. अर्ध्या तासात सूज येते आणि मग अंगठी कापावी लागते. मनगट सरळ करायला जाऊ नका, आहे त्या स्थितीत आधार द्या. बागेत फळी शोधत बसू नका, पोफळीची रुंद विरी (पानाच्या देठाचं जाड आवरण) हाताखाली घालून पंच्याने सैलसर बांधली की चांगला आधार होतो. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून लावा. तेल लावून चोळणं, ओढून हाड बसवणं, यातलं काही करू नका. मावसभावाला आम्हीही आधी तेल चोळलं होतं आणि वाळपईच्या आरोग्य केंद्रात जायला दुसरा दिवस उजाडू दिला होता. एक्स-रेत मोड दिसला. त्या एका रात्रीच्या वेदना त्याला उगाच सोसाव्या लागल्या. हँडल बरगडीवर किंवा पोटावर लागलं असेल आणि श्वास घेताना टोचत असेल, चक्कर येत असेल, तर वाट न बघता १०८ ला फोन करा. बाहेरून वळसुद्धा दिसत नाही आणि आत रक्तस्राव चालू असतो.

संध्याकाळी निघताना

मारलेले खड्डे उघडे टाकून घरी जाऊ नका. दोन फूट खोल, आठ इंच रुंद खड्ड्यात गाईचा पाय सहज जातो आणि मोडतो. पावसाने भरला की तो दिसतही नाही, आणि लागवडीच्या मोठ्या खड्ड्यात तर लहान मूल बुडू शकतं. खांब त्याच दिवशी बसवता येतील तेवढेच खड्डे मारा. उरलेच तर प्रत्येकावर चिरा किंवा फळी ठेवा, शेजारी झाडाची फांदी खोचा आणि शेजारच्या घरी सांगून या.